आकाशांतील मोजणीदार आणि चिखलांतलें पेव

गेल्या महिन्यांत एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर आमच्या घरची मंडळी ओसरीवर बसली होती. थोरल्या पुतण्यानें ठाण्याच्या खाडीचें एक उपग्रहचित्र दाखविण्यास आणिलें होतें. खाडीच्या दोहों तीरांस गडद तांबड्या रंगाचे पट्टे त्यांत दिसत होते. ‘ही सारी खारफुटी,’ असें तो म्हणाला, तेव्हां आमच्या वडील काकूंनीं चष्मा सांवरून विचारिलें, ‘अरे, झाडें हिरवीं असतात ना? मग हीं तांबडीं कशीं? आणि समुद्रांतल्या झाडांचें आपणां सोलापूरकरांस काय रे?’

दोन्ही प्रश्न आम्हांस रास्त वाटले. घाटावरच्या कोणत्याहि सुशिक्षित घरांत ते निघतील असे आहेत. म्हणून त्यांचीं उत्तरें वाचकांपुढें यथामति मांडावयाचें आम्हीं योजिलें आहे.

खारफुटी हें एका झाडाचें नांव नव्हे. भरतीचें खारें पाणी दिवसांतून दोनदां ज्यांच्या बुंध्याशीं येतें आणि तरीहि जीं तग धरितात, अशा निरनिराळ्या कुळांतील झाडाझुडपांस मिळून हें नांव आहे. त्यांच्या रानास कांदळवन म्हणतात. तिवर, कांदळ, चिप्पी हीं त्यांतील कोंकणी माणसाच्या तोंडचीं नांवें. खाडीच्या काळ्या चिखलांत हवा शिरत नाहीं. म्हणून तिवराचीं मुळें, पेन्सिली उभ्या रोंवाव्या तशीं, चिखलांतून वर डोकें काढून श्वास घेतात. आणि कांदळाचीं मुळें खोडापासून कमानीसारखीं खालीं उतरून झाडास टेकू देतात. कांदळाचें बीं तर झाडावर असतांनाच रुजतें आणि लांब कोंब झाल्यावर मग चिखलांत पडतें. या रानांत मासळीचीं व कोळंबीचीं पिलें वाढतात, आणि लाटांचा जोर तेथें मोडतो. पांढऱ्या चिप्पीस महाराष्ट्र सरकारनें २०२० सालीं राज्याच्या कांदळवृक्षाचा मान दिला आहे.

अशा रानाची मोजणी करावयाची कशी? आमच्याकडे शेताची मोजणी निघाली म्हणजे मोजणीदार येतो, बांध पाहतो, हद्दीच्या खुणा तपासतो आणि नकाशा काढितो. कांदळवनांत गुडघाभर चिखल, अंगास बोचणारीं मुळें, आणि सहा तासांनीं वाट बुडविणारी भरती! तेथें सांखळी धरून चालणें दुष्कर. म्हणून हें काम आकाशांतील मोजणीदारावर सोंपविण्यांत आलें. अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह २३ जुलै १९७२ रोजीं आकाशांत गेला. आपला आय.आर.एस.-१ए हा उपग्रह १७ मार्च १९८८ रोजीं त्या वेळच्या सोव्हिएट संघांतील बैकानूर येथून सोडण्यांत आला. वस्तूस स्पर्श न करितां, दुरूनच तिच्यापासून येणाऱ्या किरणांवरून तिची ओळख पटवावयाची, या विद्येस दूरसंवेदन असें नांव आहे.

काकूंच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर याच विद्येंत आहे. झाडाचें पान सूर्यप्रकाशांतील तांबडा भाग आपल्या हरितद्रव्यांत शोषून घेतें. परंतु आपल्या डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण तें मोठ्या प्रमाणांत परत पाठवितें. उपग्रहावरील यंत्रास ते किरण दिसतात. न दिसणारी वस्तु दाखवावयाची तर तिला कोणता तरी रंग द्यावयास हवाच. म्हणून चित्र तयार करणारे अवरक्त किरणांस तांबडा रंग देतात, आणि त्यामुळें हिरवें रान चित्रांत तांबडें होतें. खारफुटीखालीं ओला चिखल व पाणी असतें, तें हे किरण गिळून टाकितें. म्हणून कांदळवनाचा तांबडा रंग शेजारच्या आमराईपेक्षां गडद उमटतो. जाणत्या डोळ्यास तेवढ्या छटेवरून कांदळवन ओळखूं येतें.

हें चित्र अखंड नसतें. तें लहान लहान चौकटींचें बनलेलें असतें. आमच्या शहरची चादर मागावर चढतांना ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस हें समजण्यास कठीण नाहीं. नक्षी आधीं चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून उतरवितात. घरें मोठीं असतील तर मोराची मान तुटक येते. घरें बारीक असतील तर पिसाचा डोळाहि साधतो. आय.आर.एस.-१ए च्या एका यंत्राची चौकट ७२.५ मीटरची होती. म्हणजे सुमारें एक एकर बारा गुंठे जमीन मिळून एक ठिपका. पुढें २००३ सालच्या रिसोर्ससॅट उपग्रहावरील एका यंत्राची चौकट २३.५ मीटरची, म्हणजे साडेपांच गुंठ्यांची झाली. आणि त्याच उपग्रहावरील दुसऱ्याची ५.८ मीटरची, म्हणजे गुंठ्याच्या एकतृतीयांशाची. खाडीच्या कडेनें दोरीसारखी गेलेली तिवरांची ओळ मोठ्या चौकटींत हरवते, बारीक चौकटींत सांपडते. पुन्हां भरतीच्या वेळीं काढिलेल्या चित्रांत लहान झुडपें बुडालेलीं असतात, आणि पावसाळ्यांत ढगांआड कांहींच दिसत नाहीं. ढगांवर उपाय म्हणून रडार वापरितात. तें स्वतःच लहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनि टिपतें. आपली इस्रो व अमेरिकेची नासा यांनीं मिळून बनविलेला ‘निसार’ हा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजीं श्रीहरिकोट्याहून सोडण्यांत आला, त्यावर अशीं दोन रडारें आहेत. त्यांतील एकाची लहर सुमारें २४ सेंटिमीटर लांबीची असल्यानें ती पानांच्या दाटींतून आंत शिरून खोडांफांद्यांस चांचपूं शकते. दर १२ दिवसांनीं तो त्याच मार्गावरून फिरून येतो.

येथपर्यंत सारें कौतुकाचें झालें. आतां सावधगिरीची गोष्ट सांगतों, कारण तींत आम्हीं स्वतः ठेंच खाल्ली आहे.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहचित्रांवरून दर दोन वर्षांनीं देशांतील वनांचा अहवाल तयार करिते. १९८७ च्या अहवालांत देशांतील कांदळवनांचें क्षेत्र ४,०४६ चौ. कि.मी. होतें, २०२३ च्या अहवालांत तें सुमारें ४,९९२ चौ. कि.मी. आहे. महाराष्ट्रापुरतें पाहिलें तर २०१३ सालीं १८६, २०१५ सालीं २२२, २०१७ सालीं ३०४, २०२१ सालीं ३२४ आणि २०२३ च्या अहवालांत सुमारें ३१५ चौ. कि.मी. असे आंकडे आहेत. २०१७ चा आंकडा प्रथम वाचला तेव्हां आम्हांस केवढा हर्ष झाला! दोन वर्षांत ८२ चौ. कि.मी. रान वाढलें, असें आम्हीं चार मंडळींत मोठ्या अभिमानानें सांगितलेंहि. पुढें एका अभ्यासू स्नेह्यांनीं सौम्यपणें विचारिलें, ‘आपल्या परसांतलें झाड दोन वर्षांत केवढें होतें?’ तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं दोन वर्षांचें रोप इतक्या उंचीवरून दिसणेंच कठीण. वाढीचा कांहीं भाग खरोखर रुजलेल्या व राखलेल्या झाडांचा असेल. कांहीं भाग पूर्वीं नजरेंतून निसटलेल्या, आतां ओळखूं आलेल्या रानाचा असला पाहिजे. दोन्ही भाग एका आंकड्यांत मिसळले म्हणजे लागवडीचें यश किती आणि दृष्टीचा बारकावा किती हें सांगतां येत नाहीं.

याचें याहून ठळक उदाहरण आहे. भारताचा समुद्रकिनारा ७,५१६ कि.मी. लांब आहे असें आम्हीं शाळेंत घोकलें. अलीकडे नव्यानें मोजणी झाली आणि तोच किनारा ११,०९८ कि.मी. भरला! समुद्रानें आपणांस नवी भूमि बहाल केली नाहीं. मोजपट्टी बारीक झाली, आणि प्रत्येक वळणाकोपऱ्याची लांबी हिशेबांत आली, इतकेंच. म्हणून दोन सालांचे आंकडे शेजारीं ठेवण्यापूर्वीं दोन्ही वेळां मोजपट्टी एकच होती कीं नाहीं, हें विचारिलें पाहिजे.

शिवाय प्रत्येक वाढ लाभाचीच असते असेंहि नाहीं. ठाण्याच्या खाडींत गाळ सांचत गेला तशीं तिवरें उघड्या चिखलावर पसरत गेलीं. चित्रांत तांबडा पट्टा रुंदावला. परंतु तोच उघडा चिखल दरसाल येणाऱ्या रोहित पक्ष्यांचें अन्नछत्र आहे. त्या पक्ष्यांसाठीं खाडीचा एक भाग २०१५ सालीं अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि २०२२ सालीं तो रामसर यादींत गेला. रान वाढल्याचें उपग्रह सांगतो. कोणाच्या पानांतलें घेऊन वाढलें, तें तीरावर उभा राहून पाहणाराच सांगूं शकतो.

आतां या विषयाच्या गाभ्याकडे येऊं. हवेंतील कर्बवायु, ज्यास आज कार्बन डायऑक्साइड म्हणतात, तो वाढल्यानें पृथ्वीचा ताप वाढत आहे, हें वाचकांस विदित आहेच. झाडें तो वायु घेऊन त्यांतील कर्ब आपल्या देहांत सांठवितात. परंतु कांदळवनाची खरी सांठवण झाडांत नसून चिखलांत असते. आमच्या पिढीच्या लहानपणीं सोलापूर जिल्ह्यांतील पुष्कळ घरीं ज्वारी पेवांत ठेवीत. जमिनींत खोल खड्डा, आंत कडब्याचें अस्तर, वरून माती लिंपून तोंड बंद. हवा लागत नाहीं तोंवर ज्वारी वर्षानुवर्षें टिके. कांदळवनाचा चिखल असेंच पेव आहे. गळलेलीं पानें, मेलेलीं मुळें, नदीनें आणिलेला गाळ हें सारें त्यांत थरावर थर बसतें. हवा नसल्यामुळें तें कुजण्याचें काम अत्यंत मंदावतें, आणि कर्ब शतकानुशतकें तेथेंच राहतो. हिंदी व पॅसिफिक महासागरांच्या टापूंतील २५ कांदळवनांचा अभ्यास २०११ सालीं ‘नेचर जिओसायन्स’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. तेथें हेक्टरी, म्हणजे सुमारें अडीच एकरांस, सरासरीनें १,०२३ टन कर्ब आढळला. आणि त्यांतील मातींतला वांटा ठिकाणपरत्वें ४९ पासून ९८ टक्क्यांपर्यंत होता.

आकाशांतील मोजणीदाराची मर्यादा येथें उघड होते. रडार खोड चांचपतें, उंचीचा व दाटीचा अंदाज देतें. परंतु खाऱ्या ओल्या चिखलांत त्याची लहर खोल शिरत नाहीं. म्हणून पेव मोजावयाचें तर माणसासच चिखलांत उतरावें लागतें. अभ्यासक रानांत ठराविक मापाचे तुकडे आंखतात, जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर प्रत्येक झाडाचा घेर घेतात आणि त्यावरून लांकडाचें वजन काढितात. मग नळीसारखें हत्यार चिखलांत खोल दाबून मातीची कांडी बाहेर काढितात, तिचे तुकडे करून भट्टींत वाळवितात, तोलतात आणि त्यांतील कर्ब प्रयोगशाळेंत काढितात. अशीं थोडींशीं स्थळें पायीं मोजून, त्यांच्याशीं उपग्रहचित्रांतील छटा ताडून, मग साऱ्या किनाऱ्याचा अदमास बांधितात. यांत चित्राशिवाय माणूस आंधळा, आणि माणसाशिवाय चित्र मुकें. वरचा १,०२३ चा आंकडा घेऊन त्यास महाराष्ट्राच्या क्षेत्रानें गुणणें हा हिशेब नव्हे; आपल्या खाड्यांचें पेव किती खोल आहे, तें आपल्या खाड्यांतच उतरून पाहिलें पाहिजे. कर्बाच्या मापावर पैशाची देवघेव होऊं लागली असतां हा विवेक विशेष अगत्याचा आहे.

कायद्याच्या कामीं मात्र या चित्रांचा उपयोग निःसंशय झाला आहे. ‘बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप’ या संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानें ६ ऑक्टोबर २००५ रोजीं राज्यभर कांदळवनांच्या तोडीस मनाई केली. त्याआधीं दोनच महिने, २६ जुलैस, सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मुंबई बुडाली होती. पुढें नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रानें उपग्रहचित्रांवरून कांदळवनांचे नकाशे तयार केले, आणि २०१२ सालीं वनखात्यांत स्वतंत्र कांदळवन कक्ष निघाला. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालांत न्यायालयानें कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग ठरविला. ‘येथें झाडें नव्हतींच’ असें म्हणणाऱ्यास अमुक सालच्या अमुक दिवसाचें चित्र दाखवितां येतें. साक्षीदार आकाशांत आहे, तो फितत नाहीं. परंतु साक्षीदार हा पहारेकरी नव्हे. कुऱ्हाड चालत असतां तो हात धरीत नाहीं. झालेला घाव तेवढा नोंदवितो.

सार्वजनिक हिताच्या कामासाठीं न्यायालयाच्या परवानगीनें तोड होऊं शकते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठीं सुमारें २० हजार झाडें काढण्यास ९ डिसेंबर २०२२ रोजीं अशी परवानगी मिळाली. अशा वेळीं बदली लागवडीची अट असते. रेल्वे नको असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु हिशेब पुरा मांडावा, एवढा आग्रह आम्ही धरितों. जुनें रान उपटून चिखल उघडा पडला म्हणजे पेवास हवा लागते, आणि शतकांचा कर्ब वायु होऊन परत जाऊं लागतो. दुसरीकडे लावलेलीं रोपें पांच-दहा वर्षांत वरून पाहतां तेवढाच तांबडा पट्टा उमटवितील. पण त्यांच्याखालचें पेव रितें असेल. चित्रांत जमाखर्च जुळेल, कोठारांत जुळणार नाहीं.

काकूंचा दुसरा प्रश्न राहिला: सोलापूरकरांस याचें काय? याचें एक उत्तर आमच्या उंबरठ्याशींच आहे. नान्नजचें माळरान माळढोक पक्ष्यासाठीं राखलेलें. त्या अभयारण्याचें क्षेत्र कागदावर एके काळीं ८,४९६ चौ. कि.मी. होतें, २०१२ सालीं तें १,२२२ चौ. कि.मी. करण्यांत आलें. आज त्या पक्ष्याचें येथें दर्शन अति दुर्मिळ झालें आहे. उपग्रहचित्रांवरून देशांतील पडीक जमिनींचे जे नकाशे होतात, त्यांत अशीं गवताचीं रानें पुष्कळदां ‘पडीक’ सदरांत जाऊन बसतात. जुन्या लोकांनीं कांदळवनासहि खारवट, निरुपयोगी जमीनच मानिलें. यंत्र रंग दाखवितें. त्या रंगास नांव आपण देतों, आणि एकदां ‘पडीक’ नांव पडलें कीं ती जागा भरून काढावयास प्रत्येकजण मोकळा होतो. माळढोक गमावूं लागलेल्या सोलापूरकरास कांदळवनाचें दुःख कळावयास समुद्र पाहावा लागत नाहीं.

दुसरें उत्तर आमच्या नदीचें आहे. पंढरपुरास जिला आपण चंद्रभागा म्हणून वंदन करितों, ती भीमा रायचूरजवळ कृष्णेस मिळते, आणि कृष्णा आंध्र प्रदेशांत हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरांत शिरते. तिच्या मुखाशीं कांदळवनें आहेत. तीं गोड्या पाण्यावर व नदीच्या गाळावर पोसतात. १९८० सालीं पुरें झालेलें आमचें उजनी धरण ११७ टी.एम.सी. पाणी सांठवितें, त्याखालीं श्रीशैलम्, नागार्जुनसागर अशीं आणखी मोठीं धरणें आहेत. पाण्याबरोबर गाळहि त्यांत अडतो. निरनिराळ्या दशकांतील उपग्रहचित्रें एकावर एक ठेवून पाहणाऱ्या संशोधकांस त्या मुखाशीं किनाऱ्याचे कांहीं भाग मागें हटल्याचें दिसलें आहे. उजनीच्या पाण्यानें आमच्या घागरी भरतात, आमचा ऊस त्यावर उभा आहे. त्यास नांवें ठेवणें कृतघ्नपणा होईल. पण आपण वापरिलेल्या पाण्याचा वांटेकरी नदीच्या शेवटच्या टोंकासहि उभा आहे, एवढी जाणीव पाट सोडतांना आणि नळ उघडतांना असावी.

सुट्टींत कोंकणांत जाणाऱ्या कुटुंबांस आमची एक सूचना आहे. मुलांस केवळ वाळूचा किनारा दाखवून परतूं नये. नव्या मुंबईंत ऐरोलीस किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. वेंगुर्ल्यास मांडवी खाडींत तेथील महिलांचा बचतगट होडींतून कांदळवन दाखवितो. उपग्रहाचें चित्र मुलांनीं घरीं आधीं पाहावें, मग तो चिखल डोळ्यांनीं पाहावा, म्हणजे दोहोंचा मेळ त्यांच्या मनांत आपोआप बसेल.

हें सारें आम्हीं त्या रात्रीं सांगितलें तेव्हां काकू बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, ‘माझ्या माहेरीं पेव उघडलें कीं आधीं दोरीनें पेटता दिवा खालीं सोडून पाहत. दिवा विझला तर माणसास उतरूं देत नसत. आंतली हवा जीव घेई.’ पुतण्या चकित झाला. पेवांतील धान्याच्या श्वासानें सांचणारा तो वायु म्हणजे हाच कर्बवायु, हें त्यानें त्यांस समजावून सांगितलें. त्यावर त्या म्हणाल्या, ‘मग तुमच्या त्या खाडीचें पेव उघडण्याआधीं दिवा कोण सोडतो रे?’

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं. तो आम्ही वाचकांच्या स्वाधीन करितों.